अकरातले नऊ बद्द

माझा धंदा लोकांच्या वस्तूला नावं ठेवायचा होता. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं, "मुलगा करतो काय?" तर माझा मामा छाती काढून म्हणाला, "सकाळी लूमवर असतो आणि दुपारनंतर चांदीत असतो." सासरे चांदीवरच अडकले, पुढचं विचारलंच नाही. चांदीत म्हणजे काय, तर सायकलला पिशवी अडकवून गावं फिरायची, कुणाच्या पेटीत जुने चांदीचे रुपये आहेत का बघायचं, असले तर त्यात खोट काढायची, आणि खोट निघाली म्हणून कमी भावानं घ्यायचे. बायकोला हे लग्नानंतर कळलं. ती म्हणाली, "नावं ठेवायचे पैसे मिळतात? अहो, मग माझ्या आत्याला पण लावा की कामाला."

हे मी बोलतोय आणि सून लिहून घेतेय. मला सही येते, ती पण समोरच्याला घाई नसेल तर. दिवाळी अंकवाले सर घरी आले, म्हणाले, भिवंडीच्या लूमवर लिहिणारे पुष्कळ झाले, तुम्ही त्या रुपयांचं सांगा. म्हटलं सर, त्यात माझी अब्रू जाईल. सर म्हणाले, आहे का शिल्लक? तेव्हा सांगतो.

इंग्रजांच्या वेळचा रुपया चांदीचा असायचा. वजन एक तोळा. राणीच्या तोंडाचा तो राणीछाप, राजाच्या तोंडाचा तो राजाछाप. आपल्या भागात घरोघरी दोन-चार असायचेच. लग्नात ओटीत घातलेले, बारशाला दिलेले, लक्ष्मीपूजनाला ठेवलेले. रुपया धडधाकट असेल तर माणूस सरळ सराफाकडे जायचा आणि पूर्ण भाव घ्यायचा. माझ्याकडे यायचे ते लंगडे-पांगळे. माळेत ओवायला भोक पाडलेले, कडी जोडायला डाग दिलेले, घासून घासून राणीचं नाक गेलेले. अशा रुपयाचे जे पैसे कापायचे त्याला म्हणायचं बट्टा. गावात मला नावानं कुणी ओळखत नव्हतं. "बट्टेवाला आला" म्हणायचे. माझी पोरगी शाळेत बापाचा धंदा विचारला की सांगायची, "लूमवर."

भोक डोळ्याला दिसतं, वजन काट्यावर कळतं. अवघड काम तिसरं. रुपया आतून चिरलेला असतो, कधी आत शिसं भरलेलं असतं, वरून काही दिसत नाही. त्यासाठी तो वाजवायचा. बोटाच्या टोकावर तोलायचा आणि दुसऱ्या रुपयाच्या कडेनं टिचकी मारायची. चांगला असला तर खण्ण वाजतो आणि आवाज लांबत जातो, विझत विझत. वाईट असला तर ठक. तिथंच मेला. त्याला म्हणायचं बद्द. बद्द रुपयाचा बट्टा सगळ्यात मोठा. ज्या सराफ शेठसाठी मी फिरायचो त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, "डोळा चुकेल, काटा चुकेल, तू कानावर भरवसा ठेव." मी ठेवला. वीस वर्षं ठेवला.

गिऱ्हाईकं एकेक भारी भेटायची. पडघ्याच्या बाजारात एक म्हातारे भोकाचा रुपया घेऊन आले. मी बट्टा सांगितला तर म्हणतात, "भोकाचं कापतोस? भोकातली चांदी काय मी खाल्ली?"

म्हटलं, "बाबा, ती सोनारानं ठेवली असंल. त्याला विचारा."

"सोनार मेला."

"मग मी काय करू?"

"अर्ध्या भोकाचं तू काप, अर्ध्याचं मी सोडतो."

मी कापलं की अर्ध्या भोकाचं! घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की म्हाताऱ्यानं काहीच सोडलं नव्हतं.

शहरात एक चाचा होते, स्वतःचे लूम असलेले. त्यांचे चार रुपये मी वाजवले आणि चारी बद्द म्हणून सांगितले. त्यांनी एक उचलून माझ्या कानाजवळ वाजवला. "मियाँ, कान में रूई भरी है क्या?"

मी म्हटलं, "चाचा, रूई तो पूरी भिवंडी के कान में है."

तिथं बसलेले सगळे हसले. मी पण हसलो. चाचांनी रुपये खिशात टाकले आणि माझ्याकडे बघत राहिले. आता कळतं, ते हसत नव्हते. मी आपला खूश, काय टोला दिला म्हणून.

त्या वर्षांत मला एक गोष्ट फार खटकायला लागली होती. लोकांकडे चांगले रुपये राहिलेच नव्हते. सुरुवातीला दहातले दोन बद्द निघायचे, मग पाच, मग आठ. मी बायकोला म्हणायचो, "दुनिया बिघडली. घराघरात खोटा माल." फक्त शुक्रवारी माल बरा मिळायचा. शुक्रवारी आमच्या लूमला सुट्टी, मी सकाळपासून फेरीला निघायचो आणि त्या दिवशी रुपये खणखण वाजायचे. मला वाटायचं, शुक्रवार मला लाभतो. शुक्रवारी मी दाढीसुद्धा करत नव्हतो, म्हटलं नशीब उतरेल.

आता तुम्हाला कळलं असेल. मला कळायला सहा वर्षं आणि हिराबाय लागली.

हिराबाय अंजूरची. म्हणजे सासर अंजूर, माहेर कोन. तिचा बापूस कोनला खाडीत रेतीच्या होडीवर होता. डुबी मारून मारून पैसा जोडला आणि पोरीच्या लग्नात अकरा राणीछाप रुपये फडक्यात बांधून तिच्या ओटीत घातले. तिला शिलाई मशीन घ्यायचं होतं म्हणून तिनं मला बोलावलं. मी म्हटलं, धडधाकट रुपये आहेत तर सराफाकडे का नाही जात? ती म्हणाली, "सासू बोलते, बाजारात मिरवायला नको. घरात काय तो भाव कर."

वार मंगळवार. मी सकाळची शिफ्ट करून थेट सायकलवर बसलेलो. आठ तास लूमच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस. ओटीवर मांडी घातली, सासू समोर खांबाला टेकून बसली, हिराबायनं फडकं सोडलं. मी एकेक रुपया वाजवायला लागलो.

ठक. बद्द. ठक. बद्द.

अकरातले नऊ मी बाजूला काढले. खरं सांगू का, मला अकराच्या अकरा बद्द वाटले होते. दोन मी आपले पास केले, बाईला वाईट वाटू नये म्हणून. म्हणजे माझा मोठेपणा पण बघा.

हिराबाय म्हणाली, "मना तं ऐकू येतंय. वाजतंय की चांगलं."

मी म्हटलं, "बाय, तुमचा कान घरचा. माझा कान धंद्यातला."

सासू म्हणाली, "बघितलंस ना? आता धंद्यातलाच मानूस बोलला. तुज्या बापसानं खोटे रुपये घातले तुज्या ओटीत. रेतीवाला तो, त्यानं काय चांदी बघितली!"

हिराबायनं मी दिलेले पैसे घेतले, मोजले नाहीत, आत गेली. फडकं तिथंच राहिलं. मी ते घडी करून ठेवलं आणि जाता जाता सासूला म्हणालो, "चालायचंच मावशे, बापाचं मन मोठं असतं, रुपये लहान असतात." मला वाटलं, मी गोड बोललो.

त्या नऊतला एक रुपया मी स्वतःला ठेवला. आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला चांदी नव्हती. म्हटलं, बद्द तर बद्द, आपल्यासारख्याकडे येणारी लक्ष्मी तरी कुठं ऐकून बघणार आहे. बाकीचे शेठना दिले. शेठनी एकेक वाजवला, पेटीत टाकला. तोंडावरची माशी हलली नाही.

सहा वर्षं तो रुपया दर दिवाळीला पाटावर बसायचा आणि दुसऱ्या दिवशी डब्यात जायचा. मग त्या वर्षी काय झालं, आमच्या कारखान्यात मोटारीचं काम निघालं. एरवी दिवाळीला दोन दिवस बंद असायचं, त्या वर्षी आठ दिवस सगळे लूम बंद. मी आठ दिवस घरी. पाडव्याला सकाळी बायको पूजा उचलत होती, तिच्या हातातनं तो रुपया लादीवर पडला.

खण्ण.

लांबत लांबत गेला तो आवाज. मी ताटावरनं उठलो. म्हटलं, "काय पडलं?"

"रुपया पडला. फुटला नाही काही."

"परत टाक."

"सणासुदीला लक्ष्मी आपटायला सांगताय?"

"टाक म्हणतो ना."

तिनं टाकला. परत वाजला. मी दहा वेळा टाकायला लावला. शेवटी ती म्हणाली, "तुमचं डोकं तर ठीक आहे ना? असाच वाजतो तो. दर वर्षी पुसताना वाजतो."

लूम सुरू झाले. पहिल्या दिवशी शिफ्टवरनं घरी आलो, हात न धुता डबा उघडला, रुपया बोटावर घेऊन टिचकी मारली.

ठक.

परत मारली, परत ठक. बायकोनं विचारलं काय झालं. म्हटलं, शुक्रवारपर्यंत थांब, तुला सांगतो. ती म्हणाली, शुक्रवारी काय आहे? मी म्हटलं, शुक्रवारी मला ऐकू येतं.

तुम्ही विचाराल, बहिरा माणूस आणि त्यालाच पत्ता नाही? पण लूमवर कुणीच कानानं ऐकत नाही हो. तिथं ओठांवरनं बोलणं ओळखतात. वीस वर्षं मी सगळ्यांचे ओठ बघत होतो आणि समजत होतो की ऐकतोय. जाड आवाज मला ऐकू येत होतेच. बारीक आवाज तेवढे गेले होते, कानाला एखादा दिवस विसावा मिळाला की तेवढ्यापुरते परत यायचे, आणि रुपयाला ओठ नसतात.

शेठकडे गेलो. सगळं सांगितलं. शेठ म्हणाले, "मला दुसऱ्या वर्षीच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का? आणि नुकसान कुणाचं होत होतं? तुझं नाही, माझं नाही."

मी पिशवी आणि काटा त्यांच्या गल्ल्यावर ठेवला. मोठा तोरा दाखवून बाहेर पडलो आणि सायकल विसरलो. ती घ्यायला परत जावं लागलं. शेठनी चहा विचारला.

वीस वर्षांतले सगळे लोक मला कुठं आठवणार? आठवली ती हिराबाय, कारण तिनं तोंडावर सांगितलं होतं की वाजतंय. एका शुक्रवारी रुपया घेऊन अंजूरला गेलो. रस्त्याच्या बाजूनं गोडाऊनचे पत्रे चढायला लागले होते, तिचं घर मात्र तसंच होतं. ओटीवर शिलाई मशीन, त्यावर हिराबाय. मी कोण ते तिनं लगेच ओळखलं. मी उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. माझे कान गेलेत, तुमचे रुपये चांगले होते, सगळेच्या सगळे, हा त्यातलाच एक. बट्ट्याचे पैसे देतो म्हणालो.

तिनं रुपया घेतला, बोटावर ठेवून वाजवला. एकदाच. मग पदराच्या टोकाला बांधला.

"पैशाचं सोड," ती म्हणाली. "माज्या सासूम्होरं बोल. मोठ्यानं बोल."

सासू आतून आली. आता काठी घेऊन चालत होती. मी परत सगळं सांगितलं. अंगणात शेजारच्या दोघी-तिघी आल्या, म्हणून त्यांच्यासाठी पण एकदा सांगितलं. सासूनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मना ठावं हाय," ती म्हणाली. "आमाला काय कान न्हाईत? तवाच खनखन वाजत व्हते सगले."

हिराबाय म्हणाली, "मंग तवा बोलली का न्हाय तू?"

"मी कशाला बोलू? आयतं गावलं व्हतं."

सगळ्या बाया हसल्या. हिराबायसुद्धा हसली, आणि हसता हसता खाली बसली. मग बाकीचं तिनंच सांगितलं. त्या मंगळवारनंतर ती कोनला गेली होती. भावकीसमोर बापसाला विचारलं, माझ्या ओटीत खोटे रुपये का घातले? म्हातारा म्हणाला, मी वाजवून घेतलेले. ती म्हणाली, धंद्यातल्या माणसानं सांगितलंय. आणि उठून आली. परत माहेरी पाय ठेवला नाही. दोन वर्षांपूर्वी बापूस गेला, तेव्हा दिवसकार्याला जाऊन दारातनंच परतली.

"माजी आय हाय अजून," ती म्हणाली. "कोनला जा. तिला सांग हे. मना तोंड न्हाय तिच्याम्होरं जायला. तू केलंस, तूच सांग."

तिथनंच सायकल कोनला वळवली. तिची आई दारात सुकी मासळी निवडत बसली होती. मी सांगायला लागलो, तसा तिनं पदर तोंडावर धरला. ती काहीतरी बोलली. पदराआडचे ओठ मला दिसेनात.

म्हटलं, "आजी, मोठ्यानं बोला. मला ऐकू येत नाही."

ती परत बोलली. मला परत कळलं नाही. तिसऱ्यांदा तिनं पदर बाजूला केला आणि त्या अंगणात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर ओरडून बोलली. नवऱ्याचे शेवटचे शब्द त्या बाईला माझ्यामुळे ओरडून सांगावे लागले.

हिरी विचारून गेली त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं धसका घेतला होता. आधी म्हणायचा, रुपये खरे होते. मग म्हणायला लागला, धंद्यातला माणूस खोटं कशाला बोलेल? जन्मभर खाडीत डुब्या मारल्या, माझ्या कानात पाणी जाऊन जाऊन माझेच कान गेले असतील. मला कुणीतरी फसवून खोटे रुपये दिले आणि मी ते पोरीला दिले. जाताना बायकोला म्हणाला, "हिरीला सांग, माजे कान गेले व्हते. मी जानून न्हाय दिले. तिला बोल, माफ कर."

मी विचारलं, "मग तुम्ही तिला सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? सांगितलं असतं तं रुपये खोटे हायेत असंच झालं असतं. मना वाटायचं, ते खरे हायेत." मग ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तू जाऊन सांग तिला. तो काय बोलला ते सांग."

एवढंच काम होतं माझ्याकडे. कोनवरनं अंजूरला जायचं आणि एक वाक्य सांगायचं.

गेलो. हिराबाय वाट बघत ओटीवरच बसली होती. मी पायरीवर टेकलो आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. दुपारी सासूसमोर हसल्यापासून तिचा चेहरा मोकळा झाला होता. ती म्हणाली, "काय बोलली आय?"

"बरं झालं म्हणाली."

"आणि बापसाला ठावं व्हतं ना, रुपये खरे हायेत ते? त्याच्या मनात कदी शंका न्हाय ना आली?"

मला ते वाक्य तोंडातनं काढवेना. म्हातारा स्वतःला दोष देत गेला, हे त्या चेहऱ्याला कसं सांगायचं? जन्मभर बडबड केलेला माणूस मी. म्हणालो, "छे! म्हातारा ठाम होता. शेवटपर्यंत ठाम."

मला वाटलं, मी गोड बोललो.

ती हळू बोलली, मला ओठांवरनं कळलं. "मंग त्यानं मना बोलावलं का न्हाय? खरं ठावं व्हतं, आन् तरी गप बसला. येवडा राग धरून गेला माज्यावर?"

तिथं सांगायचं होतं. अजून वेळ गेली नव्हती. तोंड उघडलं आणि त्यातनं निघालं काय, तर "म्हातारी माणसं हट्टी असतात, बाय."

"व्हय," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

पुढं तीन-चार वेळा मी अंजूरला निघालो. रस्त्यात कुणी ओळखीचा भेटायचा, मी गप्पा मारायचो, उशीर झाला म्हणून परत फिरायचो. एकदा तर तिच्या अंगणापर्यंत गेलो आणि तिच्या सासूला पावसाचं विचारून आलो. मग नव्वद सालानंतर तिकडच्या जमिनी गोडाऊनला गेल्या. एका शुक्रवारी गेलो तर घर नव्हतं, भराव टाकलेला होता. शेजारच्या बायांपैकी एक भेटली. म्हणाली, पैसे घेऊन गेली ती लोकं, कुणी बोलतं पनवेलकडे, कुणी बोलतं पेणला. कोनची आई त्याआधीच गेली होती, आणि हिराबाय शेवटपर्यंत तिच्याकडे गेली नव्हती, असंही तिनं सांगितलं. म्हणजे ते वाक्य माहीत असलेला मी एकटाच उरलो.

आता कानात मशीन आहे. रुपया वाजवला तर कुठल्याही वारी ऐकू येतो. सून म्हणते, बाबा, एवढं सगळं छापायला देताय, लोक काय म्हणतील? म्हटलं, म्हणू दे, माझ्याकडे नावं ठेवण्यासारखं पुष्कळ आहे, पूर्ण भावानं ठेवा. पण सरांना मी हो म्हणालो ते तेवढ्यासाठी नाही. दिवाळी अंक पेण-पनवेललाही जातो. हिराबायला वाचता येत नव्हतं, पण तिची सून असेल, नात असेल.

त्यांनी तिला एवढं वाचून दाखवावं. हिराबाय, तुझा बापूस रागावून गेला नाही. बट्टेवाला खोटं बोलला. बापूस जाताना म्हणाला होता, हिरीला सांग, माझे कान गेले होते, मी जाणून नाही दिले, मला माफ कर. त्याचे कान चांगले होते, बाय.